सहा दहाचं गिऱ्हाईक

थंडर बेला फेब्रुवारीत कुलपंसुद्धा गोठतात.
किल्ली अर्ध्यात अडते
आणि माणूस हातमोजा दातांनी ओढून
उघड्या बोटांनी फोनवर नाव शोधतो:
केट्टुनेन.
तेवढंच. पुढे कुलूपवाला असं कुणी लिहीत नाही.

पण नावाचाही लिलाव होतो आता, क्षणाक्षणाला.
हे आर्वोला भाचीनं सांगितलं, सिर्कानं,
गुरुवारी, मटारच्या सुपाच्या वाफेआडून बिलं तपासताना.
"मामा, तुझ्या नावावर कुणीतरी बोली लावतंय.
तू तुझ्याच नावासाठी टिचकीमागे नऊ डॉलर मोजतोस.
तो साडेनऊ मोजतो."
आर्वो म्हणाला,
"मला ते बापानं फुकट दिलं होतं."

वरच्या ओळीत तो दिसतो:
केट्टुनेन कुलूप. पंधरा मिनिटांत. एकोणीस डॉलरपासून.
पत्ता एका बंद पडलेल्या लॉन्ड्रीचा,
दारात पुरुषभर बर्फ.
फोन वाजतो कुठल्या तरी लांबच्या शहरात,
आणि येतो एक पोरगा, ड्रिल घेऊन.
उघडलं असतं ते कुलूप फोडतो,
चारशे ऐंशी मागतो.

डोरीन मॅकाइव्हर, रात्रपाळीची नर्स,
फुटका सिलिंडर तळहातावर घेऊन दुकानात आली.
"तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."
सिलिंडर त्यानंच बसवला होता, सत्त्याण्णव साली,
कडेला त्याच्या कानशीची खूण होती अजून.
सांगता आलं असतं.
त्यानं नवा बसवून दिला, पैसे घेतले नाहीत,
आणि मग तर तिची खात्रीच पटली
की चूक त्याचीच होती.

तक्रार केली. सिर्कानं केली, तीनदा.
तीन आठवड्यांनी उत्तर आलं:
आम्ही तपासलं, नियमभंग आढळला नाही.
खाली सही नव्हती.
नावाचा निवाडा बिननावाच्या माणसानं केला.

आणि शिवाय ते दुसरं.
रोज सकाळी सहा दहाला
त्याच्या जाहिरातीवर टिचक्या पडतात.
एक. मग एक. मग थोडं थांबून चार.
पावणेसातपर्यंत दिवसाचे पैसे संपतात
आणि गाव जागं होतं तेव्हा
आर्वो पानावर नसतोच.
"यंत्र असेल," सिर्का म्हणाली.
"यंत्र मध्येच थांबून श्वास घेत नाही," आर्वो म्हणाला.

पन्नास वर्षं कुलपाला कान लावून
आतल्या पिना मोजल्या ज्यानं,
त्याला ऐकू येतं.
रविवारी उशीर होतो.
एकदा तीन दिवस काहीच नाही;
आजारी असेल, त्याला वाटलं,
आणि स्वतःचाच राग आला.

आता तो सहाला उठतो.
कॉफी ठेवतो, स्क्रीन लावतो.
बाहेर काळोख, सरोवर पांढरं, उजाडायला आठ वाजणार.
लोक त्याच्याकडे अडले की येतात, सुटले की विसरतात,
आणि तेच बरं, असं तो नेहमी म्हणत आला.
हा मात्र रोज येतो, काही अडलेलं नसताना,
न चुकता त्याचं नाव टाइप करतो, दोन्ही ट सकट.
बायको गेल्यापासून इतक्या सकाळी
हे नाव कुणी घेतलं नव्हतं.

मंगळवारी त्यानं सिर्काला न विचारता
जाहिरातीचा मजकूर बदलला. एका बोटानं, चष्मा सावरत:

सहा दहाला येणाऱ्यास.
दर वेळी माझे नऊ डॉलर जातात.
सरळ दुकानात ये. कॉफी असते.

चार मिनिटांत उत्तर आलं.
जाहिरात नामंजूर. नियमभंग:
मजकुरातून वस्तू किंवा सेवा स्पष्ट होत नाही.

तो हसला की खोकला, सांगता येत नाही.
भिंतीवर सहा दहा झाले होते.
पानावर आज वरचा तेवढा होता, त्याच्याच नावाचा,
एकोणीस डॉलरपासून.

आर्वोनं कप खाली ठेवला,
पायांत बूट सरकवले,
आणि उणे एकतीसमध्ये जाऊन
दुकानाची कडी काढून ठेवली.